कारणाच्या जागी एक ठिपका

संध्याकाळी सहाला पाच मिनिटं उरली की बाई खांद्याला पर्स अडकवून ऑफिसच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "कुणाच्या हातात काय राहिलंय?"

मग एकेक जण उठून त्यांच्यासमोर दोन्ही तळवे उताणे धरायचा. "रिकामे, ताई." पुढचा. "रिकामे." शाळेत नखं तपासायचे ना, तसं. आणि ही शाळेतली पोरं नव्हेत. चाळिशी उलटलेले, घराचे हप्ते फेडणारे, बायकोलाही दाद न देणारे डिझायनर. एकदा एक कुरिअरवाला हा प्रकार बघून मला हळूच विचारून गेला, "शेठ, इथे सोनं घडवता काय?"

सोनं नाही. मुलुंडला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझे दोन गाळे आहेत. खाली वर्कशॉप, वर पोटमाळ्यावर ऑफिस. आम्ही कन्व्हेअर बनवतो. बिस्किटांचे डबे, दुधाचे क्रेट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेणारे लांबलचक पट्टे. मी भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो होतो, आणि तिथून इथवर कुणाच्या बापाच्या पैशावर आलेलो नाही. हे एवढ्यासाठी सांगितलं, की माझ्याच ऑफिसच्या दारात, माझ्याच पगारी बाईसमोर मलाही रोज तळवे दाखवायला लागायचे.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. नियम त्याचे, ऑफिस तुमचं. बघा आठवून.

बाई यायच्या आधी आमच्याकडे पाच माणसं आणि पाच कॉम्प्युटर होते, आणि एकच कन्व्हेअर नऊ वेळा काढलेला होता. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हाच घ्या'. कुणी कुठला घेतला ते माल जोडायला बसल्यावर कळायचं. एकाची भोकं दुसऱ्याच्या बोल्टला जुळायची नाहीत. मग मी व्हॉल्ट नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. व्हॉल्ट म्हणजे सगळ्यांची ड्रॉइंगं ठेवायची एकच सामायिक तिजोरी. फाइल हवी तर आपल्या नावावर बाहेर काढायची, आणि तुम्ही ती परत आत ठेवेपर्यंत बाकीच्यांनी फक्त बघायची. विकणाऱ्याशी मी तीन तास घासाघीस केली. भाव इतका पाडला की शिकवायला यायचा माणूस त्याने त्यातूनच कापला. वर्षभर तिजोरी रिकामी.

तेव्हा चेंबूरहून बाई आल्या. एका मोठ्या कंपनीच्या डिझाइन खात्यात वीस वर्षं काढलेल्या, आणि कंपनी गुजरातला गेल्यावर घरी बसलेल्या. पगाराचा आकडा ऐकल्यावर माझी एक पद्धत आहे. मी हसतो, खिडकीबाहेर बघतो आणि गप्प बसतो. समोरचा माणूस आपोआप खाली येतो. मी बाहेर बघितलं. बाईंनीही बघितलं. बराच वेळ दोघं बघत बसलो.

"तिकडे काय आहे?" बाईंनी विचारलं.

तरी मी दोन हजार पाडलेच. त्या वाद न घालता हो म्हणाल्या, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक अट आहे. मी सगळ्या कन्व्हेअरसाठी एक नमुना बनवणार, टेम्प्लेट. त्याची मूळ फाइल माझ्याशिवाय कुणी बदलायची नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"मालक मी आहे."

"म्हणूनच."

"आणि उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"पासवर्ड लिफाफ्यात घालून तुमच्या कपाटात ठेवते. वेळ आली तर उघडा."

ज्या अटीला पैसे पडत नाहीत ती मी लगेच मान्य करतो. तीही केली.

पुढचे चार महिने बाई नटबोल्टांना नावं देत होत्या. खोटं नाही सांगत. एका ऑर्डरीचं ड्रॉइंग बाईंच्या हातून बाहेर पडेना. मी वरून खाली, खालून वर येरझाऱ्या घालतोय, आणि बाई एका बारक्या वॉशरचं बारसं करतायत. शेवटी त्यांनी मला बोलावून दाखवलं. एकच कन्व्हेअर, सगळ्या भागांसकट जोडलेला. हा टेम्प्लेट. नवी ऑर्डर आली की ह्याची पूर्ण कॉपी काढायची, लांबी-रुंदी टाकायची, बाकी सगळं आपोआप जुळून येतं.

"फक्त पायाची कॉपी निघणार नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्या कन्व्हेअरना पाय सारखेच लागतात. म्हणून पाय एकच ठेवलाय. सगळ्या ऑर्डरी त्या एका पायावर उभ्या. तो सुधारला की सगळीकडे सुधारतो."

"आणि बिघडला तर?"

"म्हणून तर किल्ली माझ्याकडे."

चार दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आलं. हे मी बाईंच्या तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर पगार वाढवायला लागला असता.

पण तिजोरीबरोबर बाईंचे कायदेही आले. घरी जाताना कुणाच्या नावावर फाइल बाहेर राहता कामा नये, रोजचे तळवे त्यासाठीच. फाइल बाहेर आहे आणि तुम्ही त्यांच्याशी बोलायला गेलात, की त्यांचं एकच, "आधी आत ठेवा, मग बोला." आणि आत ठेवताना एक चौकट यायची. 'बदलाचे कारण'. ती भरल्याशिवाय फाइल आत जायची नाही. संदेश म्हणून आमचा सगळ्यात जुना डिझायनर, कुडाळकडचा, माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून. त्याने एकदा लिहिलं, 'काम होते म्हणून.' बाईंनी फाइल परत पाठवली.

"काम होतं म्हणून कुणीही करतं रे. कारण लिही."

"ताईनू, माझी पत्रिका जोडू काय सोबत?"

"जोड. पण कारण लिही."

बाईंची स्वतःची कारणं वाचण्यासारखी असायची. 'ग्राहकाला मोटर डावीकडे हवी. उजवीकडे भिंत आहे, हे आधी कुणी विचारले नाही.' 'मागच्या वेळी चूक माझी. भोक दोन मिलिमीटर सरकले होते.' आणि 'साहेबांनी फोनवर हो म्हटले. मला नंतर कळले.' ही शेवटची ओळ शंभरेक ठिकाणी सापडेल. माझ्याच पैशाने घेतलेल्या तिजोरीत माझीच तक्रारवही चालली होती.

एक मात्र सांगतो. ग्राहकाशी फोनवर घासाघीस करायला बसलो की मी जेवत नाही. बाई आपल्या डब्यातली अर्धी ज्वारीची भाकरी, वर ठेचा, अशी ताटली माझ्या टेबलावर ठेवून जायच्या. "पोट रिकामं असलं की तुम्ही लवकर हो म्हणता," असं म्हणून. मला ते आवडायचं नाही, कारण ते खरं होतं. भाकरी मी खायचो.

पाच वर्षांत बाईंनी मोठी रजा एकदाच घेतली. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन तिथून उमरेडजवळ आईकडे, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. दोन आठवडे. आणि त्याच दोन आठवड्यांत मी एका फरसाणवाल्याची ऑर्डर घेतली. तो माझ्यापेक्षा सवाई निघाला. मी खिडकीबाहेर बघतोय, तोही फोनवर गप्प. शेवटी हो मीच म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ह्या भावात कन्व्हेअर बसत नाही. कुठेतरी लोखंड कमी करायला हवं. पायाचा पत्रा पाच मिलिमीटरचा होता. फरसाणाला कितीसं वजन असतं? चारचा चालेल.

शनिवार होता. सगळे घरी गेल्यावर ऑफिसात मी एकटाच. कपाटातून लिफाफा काढला, फाडला, पासवर्ड टाकला. मी फिटर माणूस, पण बघून बघून मला तेवढं येत होतं. पाय बाहेर काढला, पाचचा चार केला, आत ठेवायला गेलो तर ती चौकट. 'बदलाचे कारण'. आता तिथे काय लिहू? भाव करताना हरलो, असं? चौकट रिकामी चालत नव्हती. मी एक ठिपका टाकला. ठिपका चालला.

फरसाणवाल्याच्या ऑर्डरीसाठी वेगळा पाय बनवायला हवा होता. मी सगळ्यांचाच बदलला, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी संदेशने एका डेअरीच्या अकरा कन्व्हेअरची ड्रॉइंगं छापून पत्रा कापायला पाठवली. दहा दिवसांनी डेअरीचा अधिकारी माल तपासायला आला. पट्ट्यावर भरलेले क्रेट ठेवले, मोटर चालू केली, आणि पाय थरथरायला लागले. तापात माणूस थरथरतो तसे. अधिकाऱ्याने वाकून पट्टीने पत्र्याची जाडी मोजली. माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पाच कबूल केला होता. हा चार आहे." पंचवीस माणसं बघत होती.

माझं डोकं फिरलं. मी वर गेलो आणि संदेशला धरलं.

"चार कुठून आला?"

"साहेबानू, मी बदलूक नाय. टेम्प्लेटातसून जसा इला तसा छापलंय."

"ताई रजेवर, मी खाली. मग भुतानं बदलला काय रे? तुझ्या नावाची ऑर्डर, तुझी सही. उद्यापासून तोंड दाखवू नको."

शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला शनिवार आठवला नव्हता. तो आठवला तासाभराने, चहा पिताना. तोपर्यंत संदेश ड्रॉवर आवरून गेला होता. आणि धंद्यातला माझा एक नियम आहे, एकदा तोंडातून गेलेला आकडा मागे घ्यायचा नाही. मला वाटलं, शब्दाचंही तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रजेवरून आल्या. संदेशची खुर्ची रिकामी बघितली, दोघाचौघांना विचारलं आणि तिजोरी उघडून बसल्या. व्हॉल्टमध्ये प्रत्येक बदल कुणी, कधी, का केला त्याची यादी राहते. टेम्प्लेटची यादी फक्त बाईंना आणि मला दिसायची. दहा मिनिटांत एक कागद छापून घेऊन त्या माझ्या केबिनमध्ये आल्या आणि दार लावलं.

"साहेब, हा ठिपका कशाचा?"

"मालक मी आहे, मॅडम. मी काहीही बदलीन."

"मालक कोण ते मी विचारलं नाही. ठिपका विचारला."

मी सगळं सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, कारण खालच्या आवाजात सांगितलं असतं तर कबुली झाली असती. बाईंनी ऐकून घेतलं.

"पाय मी मागच्यासारखा करून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "त्याला एक मिनिट लागलं. संदेशचं काय करायचं?"

"बोलावतो परत."

"बोलवाच. पण सगळ्यांसमोर सांगून बोलवा."

"आणि तुम्ही सांगितलंत तर?"

"मी नाही सांगणार. ते तुमच्या हातात आहे."

आता मी काय केलं ते ऐका. मी संदेशला फोन केला आणि म्हटलं, "ये रे. झालं गेलं विसरून जा. मी माफ केलं." तो आला. माझ्या चुकीबद्दल मी त्याला माफ केलं, आणि वर चारचौघांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संदेश मान खाली घालून जागेवर जाऊन बसला. बाई कॉम्प्युटरमधून डोकं वर न काढता टाइप करत होत्या. दुपारी कळलं, राजीनामा टाइप करत होत्या.

मी समजावलं. पगार वाढवतो म्हटलं. जिंदगीत पहिल्यांदा समोरच्याने मागायच्या आत मी आकडा बोललो. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

एका महिन्याची नोटीस होती. त्या महिन्यात बाई रोज सहाला पाच कमी असताना दाराशी उभ्या राहिल्या. सगळ्यांचे तळवे बघून झाले की शेवटी माझ्याकडे वळायच्या. "साहेब, तुमच्या हातात काही राहिलंय?" आवाज तोच, टोमणा नाही, काही नाही. मी तळवे पुढे करायचो. "रिकामे." बाई तळव्यांकडे बघायच्या, मान हलवायच्या आणि जिना उतरायच्या. सुट्ट्या वगळल्या तरी पंचवीस दिवस झाले. पंचवीस वेळा मी चारचौघांत खोटं बोललो. अशा बाईचा राग येणार नाही तर काय?

शेवटच्या दिवशी मी समोसे मागवले होते. शाल आणली होती, ती बाईंनी घडी न मोडता पिशवीत टाकली. सहाला पाच कमी असताना उठून दाराशी गेल्या. मी तळवे तयार ठेवले होते. त्या दिवशी त्यांनी कुणालाच विचारलं नाही. स्वतःचेच दोन्ही हात आमच्यासमोर उताणे धरले. डाव्या मधल्या बोटाला माउसचा घट्टा होता, बाई डावखुऱ्या. "रिकामे," म्हणाल्या, आणि गेल्या.

माझी तक्रार अजून आहे, आणि ती मी सोडणार नाही. पाच वर्षं पगार दिला. डोक्यावर बसवलं, मान दिला. एका ठिपक्यासाठी कुणी नोकरी सोडतं? माणूस चुकतो. मालकही चुकतो. राहून भांडायचं होतं. भांडण मला जमतं. आता बाई ठाण्याला कुठेतरी नट-वॉशरांची बारशी करत असतील, आणि तिथला मालक तळवे दाखवत असेल. दाखवू दे.

गेल्या महिन्यात मोटर बनवणाऱ्याने मोटरचं मॉडेल बदललं. टेम्प्लेटमध्ये मोटर बसायची जागा बदलायला हवी होती. जुना पासवर्ड बाईंनी जाताना बदलला होता, नवा कुणाकडेच नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला कपाट आठवलं.

कपाटात नवा लिफाफा होता. बाईंनी जाण्याआधी ठेवलेला, चिकटवून, चिकटवल्या जागी आडवी सही करून. पुढच्या बाजूला पट्टीने रेघा मारल्या होत्या. वर लिहिलं होतं, 'उघडण्याआधी भरा.' खाली तीन रकाने. तारीख, नाव, कारण.

पहिली ओळ बाईंनी स्वतःच भरून ठेवली होती. तारीख त्या शनिवारची. नाव माझं. कारणाचा रकाना मोकळा होता.

फाडायला काय लागतं? एक बोट. आधी फाडला होता की. मी लिफाफा उलटसुलट केला, टेबलावर ठेवला, खिडकीबाहेर बघितलं. लिफाफ्याला माझी ती पद्धत ठाऊक असावी. तो काही खाली आला नाही.

मग पेन घेतलं आणि लिहिलं. 'भाव करताना हरलो, म्हणून पायाचा पत्रा कमी केला. शिव्या संदेशला घातल्या. त्याने काही केले नव्हते.' अक्षर फार घाण आलं. खाली दुसऱ्या ओळीत त्या दिवसाची तारीख, नाव, 'मोटरचे मॉडेल बदलले.' ते बरं आलं.

लिफाफा घेऊन केबिनच्या बाहेर आलो. सगळे आपापल्या जागेवर होते. मी संदेशच्या टेबलापाशी उभा राहिलो आणि म्हटलं, "मोठ्यानं वाच."

त्याने आधी मनात वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग उभा राहून मोठ्याने वाचलं, दोन्ही ओळी, तारखांसकट. खाली ग्राइंडर चालू होता, तो तेवढा ऐकू येत होता.

"माका म्हायत होता," संदेश म्हणाला. "ताई नसताना त्या कपाटाक हात लावणारो दुसरो कोण आसा?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही माफ केलंत ना माका. मगे काय बोलतलंय?"

लिफाफा त्याच्या हातून घेऊन मी तसाच उभा राहिलो. म्हटलं, "संदेश, हे बघ, आपण जरा बसून..."

त्याने लिफाफ्याकडे बोट केलं. "आधी आत ठेवा," म्हणाला. "मगे माझ्या पगाराचा बोलूया."

लिफाफा उघडून पासवर्डची चिठ्ठी त्याला दिली, लिफाफा मी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. सहाला पाच कमी होते. मी दाराकडे वळलो. दोन्ही तळवे उताणे झाले होते, सवयीने, आणि दारात कुणी नव्हतं.